खानापूरच्या रानात चार दिवस, पिसं वेचताना

भाचीचा फोन जानेवारीत आला. “मामा, फेब्रुवारीच्या शेवटी चार दिवस तू आणि गाडी, दोघं मोकळे आहात काय?” गाडी म्हणजे माझी बारा वर्षांची वॅगनआर आणि मी म्हणजे निवृत्त मास्तर. दोघांनाही विचारणारं दुसरं कुणी नव्हतं.

ही माझ्या खानापूरच्या बहिणीची मुलगी. बेंगळुरूला वन्यजीवांच्या जनुकांवर पीएचडी करते. करते म्हणजे आत्ता कुठं सुरुवात आहे. या खेपेला तिला एवढंच बघायचं होतं की इकडच्या रानात महाधनेशाची, म्हणजे हॉर्नबिल नावाच्या मोठ्या पाखराची, गळालेली पिसं मिळतात काय, मिळाली तर किती, आणि ती प्रयोगशाळेत नेण्याच्या लायकीची असतात काय. मी म्हणालो, पिसं वेचायला एवढा खटाटोप कशाला, शाळेत पोरं वह्या भरभरून आणून दाखवायची. तर म्हणते, “त्या सगळ्या पोरांवर केस होईल, मामा.” १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात महाधनेश पहिल्या अनुसूचीत आहे. रानात पडलेलं त्याचं पीससुद्धा परवानगीशिवाय उचलून नेता येत नाही. पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी किती गुन्ह्यांना शाबासकी दिली असेल, ते मोजायचं मी टाळलं.

पहिला दिवस

परवानगीचं पत्र तिच्याकडं होतं, पण त्यावर आणखी एका कचेरीचा शिक्का हवा होता. शिक्का होता, शाई होती, मारणारे साहेब नव्हते. दोन तास बाकावर बसलो. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. बेळगावकडच्या माणसाला बाकाचं वर्णन करून सांगायची गरज नाही.

बारा वाजता सुटलो आणि जांबोटीच्या रस्त्याला लागलो. पिरनवाडी मागं पडली की उसाची-भाताची शेतं विरळ होत जातात आणि काजू सुरू होतो. काजूला मोहर होता, सावर लालभडक फुलली होती, तिच्यावर साळुंक्यांचा आणि कोतवालांचा बाजार भरला होता. जांबोटीत चहा घेतला. तिथून कणकुंबी.

कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते. हे पाणी पूर्वेला जातं, कृष्णेला मिळतं, बंगालच्या उपसागरात पोचतं. याच खानापूर तालुक्यात, इथून फार लांब नाही, देगावजवळ म्हादई उगवते आणि ती पश्चिमेला गोव्यात उतरते. दोन शेजारणींनी एकमेकींकडं पाठ करून बसावं तसं. कुंडाच्या पायरीवर बसून मी सीमाभागातल्या कुठल्याही माणसाच्या तोंडी असलेलं वाक्य टाकलं. “माणसं भांडतात गं. पाखरांना कुठली आलीय सीमा?”

“असते की,” ती म्हणाली. बाटलीतलं पाणी प्यायली, मग पुढं बोलली.

सह्याद्री सलग दिसतो, पण केरळात पालघाटला तो तुटतो. तीसेक किलोमीटरची सखल खिंड आहे. निलगिरी-अन्नमलैच्या माथ्यावर, शोला म्हणतात त्या थंड डोंगरी रानात राहणारी काही लहानशी पाखरं ही खिंड ओलांडत नाहीत. पंख आहेत, ताकद आहे, पण खाली उतरून उष्ण मोकळ्या मुलखातून पलीकडं जाणं त्यांना मानवत नाही. व्ही. व्ही. रॉबिन, उमा रामकृष्णन या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोंगरमाथ्यावरच्या २३ जातींच्या पाखरांची जनुकं तपासली, तेव्हा सगळ्यांत ठळक ठसा या पालघाटचाच निघाला. अलीकडचं आणि पलीकडचं पाखरू दिसायला भावंडं, पण काहींच्या बाबतीत ताटातूट इतकी जुनी की लाखांत वर्षं मोजावी लागतात. त्यांतल्या काहींसाठी २०१७मध्ये शोलिकोला आणि मॉन्टेसिन्क्ला अशा दोन नव्या प्रजातीच, म्हणजे जातींचे वेगळे गट (जीनस), मांडल्या गेल्या.

“म्हणजे तुमच्या १९५६च्या रेषेपेक्षा जुनी सीमा आहे ही,” ती म्हणाली.

१९५६ला राज्यांची फेररचना झाली आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. पण माझी आई चंदगडची. माझी एक वहिनी आजऱ्याची. आमच्याकडच्या मुली तिकडं जातात, तिकडच्या इकडं येतात; त्या रेषेनं रेशनकार्ड बदललं, सोयरीक थांबवली नाही. हे मी बोलून दाखवलं तर तिनं वही काढली. इंग्रजीत ज्याला ‘जीन फ्लो’ म्हणतात त्याला ती इतके दिवस जनुकप्रवाह लिहीत होती. तिनं समोर कंस करून ‘सोयरीक’ लिहिलं. दोन रानांतल्या पाखरांची आपसात सोयरीक होते की बंद पडलीय, एवढंच तिला शोधायचं आहे. भीमगडची रानं खाली दांडेली-काळीला भिडतात, पश्चिमेला गोव्याच्या म्हादईला आणि वर तिलारी-राधानगरीकडं चढत जातात. नकाशात हिरवं सलग दिसतं. महाधनेशाला ते सलग वाटतं काय, हा प्रश्न.

रात्री खानापूरला बहिणीकडं मुक्काम. जेवणं झाल्यावर भाचीनं परसातून कोंबडीचं एक पीस उचलून आणलं आणि मला भिंग दिलं. पिसाचा पोकळ देठ असतो ना, तो जिथं संपतो आणि केसाळ भाग सुरू होतो, तिथं आतल्या अंगाला टाचणीच्या टोकाएवढं छिद्र आहे. पीस वाढत असताना देठातून रक्त खेळत असतं. वाढ पुरी झाली की ते आटतं, पण त्या छिद्राशी सुकलेल्या रक्ताचा एक कण अडकून राहतो. मला तो दिसला: तांबूस, मोहरीच्या फुटक्या टरफलाएवढा. पिसाचं टोकाचं बूड आणि हा कण, एवढंच तिला हवं. पाखरांच्या लाल पेशींत केंद्रक असतं, आपल्या नसतं, म्हणून पाखराच्या रक्ताचा ठिपकाही डीएनएच्या दृष्टीनं भरल्या कणगीसारखा.

“साठ वर्षं कोंबड्या सोलल्या आम्ही,” बहीण म्हणाली, “हे भोक काय दिसलं नाही.”

दुसरा दिवस

पहाटे पाचला निघालो. हेम्मडग्याच्या रस्त्याला लागलो की मोबाईल निकामी होतो आणि गव्याच्या भीतीनं गाडी आपोआप तिसऱ्या गिअरमध्ये येते. भीमगड अभयारण्य २०११च्या डिसेंबरात जाहीर झालं, १९० चौरस किलोमीटरचं. नाव अर्थात भीमगड किल्ल्यावरून. चौकीवर वनरक्षक आणि एक वॉचर आमची वाट बघत होते. वनरक्षक कन्नड बोलणारे, बदामीकडचे. वॉचर काका याच रानातले, मराठी बोलणारे. पक्षी एकच, पण एक त्याला मंगट्टे म्हणत होते, दुसरे गरुड, आणि आम्ही पुस्तकातलं महाधनेश.

तासभर चालल्यावर एक बेहडा आला. सरळसोट, चाळीस हात तरी फांदी नाही. त्याच्या वर ढोली आणि ढोलीच्या तोंडावर बोटभर रुंदीची उभी फट. आत मादी. तिनं स्वतःच आपली विष्ठा, फळांचा चोथा असलं काहीबाही थापून दार लिंपून घेतलेलं. अंडं उबवून पिल्लू थोडं मोठं होईपर्यंत ती बाहेर येत नाही, आणि याच काळात आत बसून पंखांची, शेपटीची पिसं झाडून टाकते. जायचंच नाही कुठं, तर नवी पिसं करून घ्यावीत, असा हिशेब. ती जुनी पिसं फटीतून खाली येतात. म्हणून बेहड्याच्या बुडाशी आमचं काम.

पण लगेच नाही. झाडाखाली माणूस दिसला तर नर खाणं घेऊन येत नाही. पन्नासेक पावलांवर करवंदीच्या जाळीमागं आम्ही चौघं दोन तास बसलो. मुंग्या, घाम, खोकला दाबणं. एक कर्णा पक्षी येऊन समोर बसला, पोटाचा लाल रंग दाखवून गेला. भाचीनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

आधी आवाज आला. जुन्या इंजिनानं वाफ सोडत चढ चढावा तसा, फस्स, फस्स. वॉचर काकांनी दोन बोटं वर केली. नर शेजारच्या फांदीवर उतरला, इकडं तिकडं बघितलं, मग बुंध्याला बिलगला. गळ्याची पिशवी फुगलेली. मान झटकली की एक उंबर चोचीच्या टोकावर, ते फटीत. पुन्हा झटका, पुन्हा उंबर. आतून पिवळट चोचीचं टोक पुढं यायचं आणि अलगद घ्यायचं, घाई नाही, हिसकावणं नाही. मी मोजत होतो. एकोणतीस उंबरं आणि शेवटी एक रानजायफळ, लाल पत्रीसकट. मग फस्स, फस्स, गेला.

“बाई आत कोंडून घेतल्यावर ह्यो गडी दुसरं काय बघत नाही बघा,” काका कुजबुजले. “ह्याला काय झालं तर आतली दोघंबी गेली.”

नर लांब गेल्याची खात्री झाली आणि भाची हातमोजे चढवून उठली. दहा मिनिटं, जास्त नाही, असं आधीच ठरलेलं. बेहड्याच्या बुडाशी बियांचा सडा होता, त्यांतल्या कित्येकींना कोंब फुटलेले. त्यात पिसं. पंखाचं एक पीस माझ्या कोपरापासून मनगटाएवढं लांब, काळं, टोकाला पांढरं. त्या पांढऱ्यावर पिवळा डाग. मला वाटलं मातीचा असेल. ती म्हणाली, हा रंग पिसाचा नव्हे, लावलेला. शेपटीच्या बुडाशी तेलाची ग्रंथी असते. ते पिवळं तेल महाधनेश चोचीनं पिसांना, चोचीला, शिंगाला चोळतो. बोट लावायला मला मनाई होती, पण तिच्या मोज्यावर उमटलेला रंग मी बघितला. थेट हळद.

प्रत्येक पीस वेगळ्या कागदी पाकिटात. प्लॅस्टिक नाही, दमटपणा धरला की बुरशी येते आणि डीएनए गेला. पाकिटं एका डब्यात, डब्यात ओल शोषणारं सिलिका जेल. उन्हात पडलेली पिसं तिनं बाजूला ठेवली. ऊन आणि पाणी हे डीएनएचे दोन वैरी, महिनाभर उन्हात पडलेल्या पिसातून फारसं काही निघत नाही. सावलीतली, कोरडी, ताजी अशी सहाच मिळाली. शिवाय बियांसकट थोडी विष्ठा सहा लहान नळ्यांत, अल्कोहोलमध्ये; काही या बेहड्याखालची, काही वाटेतल्या दुसऱ्या एका झाडाखालची.

वाटेत मी माझी हुशारी दाखवली. “ढोलीखालचं पीस म्हणजे मादीचंच की. मग तपासायचं काय?”

मादीचं असण्याचा संभव जास्त, ती म्हणाली, पण नराचंही पडू शकतं, नंतर पिल्लाचंही. पाखरांत गंमत अशी की आपल्या उलट, दोन वेगळी लिंगगुणसूत्रं मादीकडं असतात, झेड आणि डब्ल्यू. नराकडं दोन्ही झेड. या दोन्हींवर एका जनुकाची थोडी वेगवेगळ्या लांबीची रूपं आहेत. ती प्रयोगशाळेत वाढवून जेल म्हणतात त्या जेलीसारख्या थरातून विजेनं पळवली की एक पट्टी दिसली तर नर, दोन दिसल्या तर मादी. चिठ्ठी न टाकता बारशाआधीच ओळख.

आणि सोयरीक कशी कळते? डीएनएत काही ठिकाणी दोन-तीन अक्षरांची तीच ती जोडी माळेसारखी ओवलेली असते. कुणाच्या माळेत बारा मणी, कुणाच्या पंधरा. अशा दहा-बारा जागा मोजल्या की कोण कुणाच्या किती जवळचं ते उमगतं. दुसरं, पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो. तो वाचला की आईची आई, तिची आई, असं माहेरच माहेर मागं जातं.

एवढं सगळं त्या देठातल्या कणातून. मी संध्याकाळी दमून, कुळथाचं कढण आणि नाचणीची भाकरी खाऊन आठलाच झोपलो असतो, पण मदत करायची हौस आडवी आली.

तिसरा दिवस

हौस अशी: रात्री ती आंघोळीला गेली असताना मी त्या सहा नळ्यांवर सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या डकवल्या. ठिकाण, झाड, वेळ. मास्तरांचं अक्षर, निळं बॉलपेन. सकाळी गाडी तळेवाडीच्या रस्त्यावर धडधडत चालली, डबा कलंडला, एका नळीचं बूच सैल होतं. डबा उघडला तेव्हा सहापैकी चार चिठ्ठ्यांवर निळे ढग होते. अल्कोहोलनं शाई धुऊन नेली. कुठली नळी बेहड्याखालची आणि कुठली दुसऱ्या झाडाखालची, ते आता देवालाच ठाऊक.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. पाच मिनिटं खिडकीबाहेर बघत राहिली, मग म्हणाली, “पेन्सिल, मामा. शिसपेन्सिल अल्कोहोलमध्ये विरघळत नाही. चिठ्ठी आत टाकायची, बाहेर नाही.” चारही नळ्या तिनं बाद केल्या. रबर लावलेली एक पिवळी पेन्सिल माझ्या खिशात खोचून दिली. ती अजून आहे.

तळेवाडीच्या पुढं रानात बारापेडेच्या गुहा आहेत. आत जायचा प्रश्नच नव्हता, आम्हाला मुभा नव्हती आणि तिला जायचंही नव्हतं. त्या गुहांत एक वटवाघूळ राहतं, मोठ्या कानांचं, मोकळ्या शेपटीचं. ओल्डफिल्ड थॉमस या प्राणिशास्त्रज्ञांनी १९१३मध्ये त्याचं वर्णन केलं आणि रॉटन नावाच्या वनाधिकाऱ्याच्या नावावरून त्याला नाव दिलं. पुढं कित्येक दशकं साऱ्या जगात या वटवाघळाचा ठावठिकाणा एकच होता, आपल्या खानापूर तालुक्यातल्या या गुहा. नंतर ते मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. मी खानापुरात वाढलो, मास्तर झालो, पोरांना सहारा वाळवंटाचे प्राणी पाठ करायला लावले. हे कुणी सांगितलं नव्हतं.

वाटेवर एके ठिकाणी लीद पडली होती, केसांची. वनरक्षक म्हणाले बिबट्या. भाची वाकून बघत म्हणाली, असेल, पण डोळ्यांनी खात्री नाही. लिदीच्या वरच्या चिकट थराला जनावराच्या आतड्याच्या पेशी लागलेल्या असतात. तेवढा थर खरवडला की जात कळते, नर-मादी कळतं, नेमका कोण तेही कळतं. तिच्या परवानगीत लीद नव्हती, म्हणून नुसती बघून पुढं गेलो.

मग तिनं सोयरीक बंद पडली की काय होतं ते सांगितलं. ओडिशात सिमलीपालला काही वाघांच्या अंगावरचे पट्टे एकमेकांत मिसळून वाघ जवळजवळ काळा दिसतो. उमा रामकृष्णन यांच्या गटानं २०२१मध्ये दाखवलं की टॅकपेप नावाच्या एका जनुकात एका अक्षराचा फरक आहे. इतर रानांत हा फरक जवळपास सापडत नाही. सिमलीपालचे वाघ थोडके आणि इतरांपासून तुटलेले, बाहेरून कुणी येत नाही, म्हणून तिथं तो फरक घरोघरी पोचला. आमच्याकडं एकाच भावकीतली नाकं सारखी असतात, तसं. वॉचर काका हे सगळं ऐकत होते. त्यांचं गाव रानातलं, गावं बाहेर काढायची बोलणी त्यांच्या कानावर रोजची. ते एवढंच म्हणाले, “वाघाला वाट पायजे म्हणतासा. आमच्या पोरांस्नीबी बस पायजे.” कुणीच उत्तर दिलं नाही, आणि मलाही इथं द्यायचं नाही.

दुसऱ्या ढोलीखाली पाच पिसं मिळाली. पाकिटांवर मी लिहिलं, पेन्सिलीनं.

चौथा दिवस

रानातलं काम संपलं होतं, पण तिला जायच्या आधी धुपदाळला करकोचे बघायचे होते. “कामाचे नव्हेत, असेच.” पहाटे साडेचारला खानापूर सोडलं. बेळगावच्या पुढं हुक्केरी-गोकाककडं मुलूख बदलतो; मराठी मागं राहते, लाल माती जाते, मका आणि ऊस.

घटप्रभेवर धुपदाळला जुना बंधारा आहे आणि त्याच्या फुगवट्यावर घटप्रभा पक्षी अभयारण्य, १९७४पासूनचं. हिवाळ्यात कांड्या करकोचे इथं उतरतात, मध्य आशियातून, मंगोलियाकडून. फेब्रुवारी संपत आला की परतीची चुळबुळ सुरू होते. आम्ही पोचलो तेव्हा नदीच्या मधल्या उथळ वाळूवर शे-दीडशे असतील, राखी, मान काळी, कानामागून पांढरे झुपके सुटलेले, साडी चापूनचोपून नेसलेल्या म्हाताऱ्यांसारखे. काठावर जाळं आवरणारा माणूस कन्नडमध्ये कोक्करे म्हणाला. कोक्करे आणि करकोचा, कानाला तरी सख्खी भावंडं.

ऊन वर आलं तसे ते उठले, शेतांकडं गेले. कर्र कर्र असा आवाज, बराच वेळ.

“ह्यांना तरी सीमा नाही?” मी विचारलं. हिमालय पार करून आलेल्याला काय सीमा.

ती म्हणाली, गदगजवळच्या मागडी तळ्यावर पट्टकादंब येतात, तेही हिमालयावरून. त्यांच्या हिमोग्लोबिनच्या, म्हणजे रक्तात प्राणवायू वाहणाऱ्या प्रथिनाच्या, एका साखळीत एका जागी प्रोलिन या अमिनो आम्लाच्या ठिकाणी अ‍ॅलॅनिन हे दुसरं आहे, म्हणून विरळ हवेतला प्राणवायू ते जास्त घट्ट धरतात. एका मण्याची अदलाबदल. कुणाला हिमालय आडवा येत नाही, कुणाला तीस किलोमीटरची खिंड येते. महाधनेश या दोघांच्या मधला. उडायला दणकट, पण ढोलीसाठी जुनं झाड आणि वर्षभर उंबर-वड लागणारा. रान तुटलं तर तो किती लांबची उडी मारतो, तेच त्या अकरा पाकिटांत आहे, असलं तर.

परतीला गोकाकचा धबधबा बघितला. पाणी करंगळीएवढं, झुलता पूल तापलेला. तिथली मिठाई, कर्दंट, घेतली, निघालो. वाटेत तिनं आणखी एक सांगितलं, ते मला आवडलं: पाखरांत साधारणपणे मुलगी जन्माच्या जागेपासून लांब जाते आणि मुलगा जवळपास घर करतो. वाघासारख्या जनावरांत उलटं, मुलगे लांब जातात. “म्हणजे पाखरं आपल्यासारखी,” मी म्हणालो. तिनं हो म्हटलं नाही, साधारणपणे हा शब्द तेवढा पुन्हा उच्चारला.

रात्री बहिणीनं डबा बांधला. भाची रात्रीच्या बसनं जाणार. पाकिटांचा डबा तिनं कपड्यांच्या मधोमध ठेवला, पुन्हा उघडून मोजला. अकरा.

“चार दिवस, चौघं माणसं, आणि अकरा पिसं?” बहीण म्हणाली.

“चांगली आहेत आई.”

बहीण शेवया घालता घालता थांबली. दुसऱ्या दिवसाची ती ढोलीची गोष्ट तिच्या डोक्यात बसली होती. “मला एक सांग. ती कोंडून घेतलेली गरुडीण, ती इथलीच काय लांबून दिलेली?”

“तेच बघायला नेतेय,” भाची म्हणाली आणि पिशवीची चेन ओढली.